हल हाउसचा नकाशा पुन्हा रंगवायचा असेल तर

अमेरिकेच्या औद्योगिक काळातली सुधारणा-चळवळ शिकवायला घेतली की शिकागोतल्या हल हाउस या समाजसेवी केंद्राचे रंगीत नकाशे पडद्यावर येतात: एकात वस्तीतल्या माणसांचं राष्ट्रीयत्व, दुसऱ्यात कुटुंबांची मजुरी. मुलं रंग बघतात, वहीत 'स्थलांतरितांची गरिबी' असं लिहितात आणि पुढची स्लाइड येते. पण या नकाशांची खरी कारागिरी रंगात नाही. कुटुंब कुणाला म्हणायचं, इटालियन कुणाला म्हणायचं, आठवड्याची मजुरी म्हणजे नेमक्या कुठल्या आठवड्याची, हे आधी ठरवण्यात ती आहे. आणि ते ठरवताना हातातून काय निसटतं, हे एक ब्लॉक (चार रस्त्यांनी वेढलेला घरांचा चौकोन) स्वतः रंगवल्याशिवाय कळत नाही. खाली तीच पद्धत दिली आहे. इंटरनेट, एक प्रिंटर आणि रंगपेन्सिली एवढ्यावर काम होतं. एकट्याला दोन-तीन शनिवार-रविवार धरून चाला. चौघांचा गट असेल तर एकात आटोपतं.

मूळ काम कसं झालं होतं

१८९२ साली अमेरिकी काँग्रेसने मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांच्या पाहणीसाठी वीस हजार डॉलरपर्यंत खर्च मंजूर केला. मजूर खात्याचे आयुक्त कॅरल राइट यांनी बाल्टिमोर, शिकागो, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ही चार शहरं घेतली. शिकागोचं काम फ्लॉरेन्स केली यांच्याकडे आलं. त्या तेव्हा हल हाउसमध्येच राहत होत्या. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९मध्ये हॉलस्टेड स्ट्रीटवर सुरू केलेलं हे 'सेटलमेंट': शिकल्यासवरल्या माणसांनी मजुरांच्या वस्तीत बिऱ्हाड करायचं, शेजारी म्हणून राहायचं आणि शेजाऱ्यांच्या अडचणींवर काम करायचं. (मुंबईतलं नागपाडा नेबरहूड हाउस याच परंपरेतलं. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्सहार्ट यांनी ते चालवलं आणि आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले वर्ग १९३६मध्ये तिथेच भरले.)

६ एप्रिल ते १५ जुलै १८९३ या काळात चार सरकारी प्रगणक या भागातलं प्रत्येक घर, प्रत्येक खोली फिरले. पश्चिमेला हॉलस्टेड, पूर्वेला स्टेट, उत्तरेला पोक आणि दक्षिणेला बारावी स्ट्रीट अशी चौकट होती. क्षेत्रफळ एक तृतीयांश चौरस मैल. भरलेले तक्ते वॉशिंग्टनला रवाना होण्याआधी हल हाउसमध्ये त्यांची नक्कल होई. नक्कल फक्त तीन गोष्टींची: माणसाचं राष्ट्रीयत्व, काम असतानाची आठवड्याची मजुरी, आणि १ एप्रिल १८९२पासूनच्या वर्षात तो किती आठवडे रिकामा होता. सगळे रंग या तीन रकान्यांवर उभे आहेत. नकाशांमागचे नियम समजावणारं टिपण ॲग्नेस सिंक्लेअर हॉलब्रुक यांनी लिहिलं. जेन ॲडम्स यांनी नकाशे काढले असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळतं. ते खोडून टाका.

नकाशे १८९५मध्ये 'हल-हाउस मॅप्स अँड पेपर्स' या पुस्तकात आले. ते पुस्तक आता इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतं. मात्र जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये घडीचे नकाशे कधी मिटलेले राहतात, कधी गाळलेलेच असतात. तसं झालं तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत उघडा. नकाशांच्या वेगळ्या, मोठ्या प्रतिमाही मिळतात. काम सुरू करण्याआधी हॉलब्रुक यांचं टिपण एकदा पूर्ण वाचा. फार लांब नाही.

कुठली आकडेवारी घ्यायची

छापील पुस्तकात घरोघरची माहिती नाही, नुसते रंग आहेत. त्यामुळे ब्लॉक नव्याने रंगवायला दुसरा आधार लागतो. १८९०ची खानेसुमारी जवळची वाटते, पण तिची जवळजवळ सगळी पानं १९२१मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाली. म्हणून १९००ची खानेसुमारी घ्यायची. ती १ जून १९०० या दिवसाची स्थिती सांगते. फॅमिलीसर्च या साइटवर मोफत खातं उघडलं की मूळ पानांच्या प्रतिमा दिसतात.

दोन गोष्टी आधीच लक्षात असू द्या. एक, मधे सात वर्षं गेली आहेत. तुमचा नकाशा आणि १८९५चा छापील नकाशा शेजारी ठेवून 'इथे चूक आहे' असं म्हणता येणार नाही, 'इथे बदल दिसतो' इतकंच म्हणता येईल. दुसरं, १९००च्या तक्त्यात मजुरीचा रकाना नाही. राष्ट्रीयत्वाचा नकाशा त्यावरून पूर्ण होतो. मजुरीच्या नकाशाचा फक्त हिशेब शिकता येतो. तो पुढे दिला आहे.

ब्लॉक निवडणं

हॉलस्टेड आणि जेफरसन यांच्या दरम्यान पोक आणि यूइंग स्ट्रीटवरचा एखादा ब्लॉक घ्या. १८९३मध्ये इथल्या पुढच्या-मागच्या घरांत इटालियन कुटुंबं दाटीवाटीने राहत होती. किंवा बाराव्या स्ट्रीटलगतचा घ्या. तिथे रशियन आणि पोलिश ज्यूंची वस्ती होती. पहिल्या प्रयत्नाला नदीपलीकडचा, स्टेट स्ट्रीटकडचा भाग नको. तिथे रेल्वेचे रूळ आणि गोदामं बरीच, आणि तो हल हाउसच्या १९व्या वॉर्डातही येत नाही, त्यामुळे पानं शोधताना दमछाक होते.

आजच्या गुगल मॅपवर हा ब्लॉक शोधत बसू नका. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या आवारासाठी या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. बारावी स्ट्रीट आता रूझवेल्ट रोड आहे. आणि सगळ्यात मोठा खड्डा घरक्रमांकांचा: १ सप्टेंबर १९०९पासून शिकागोने घरांना नवे क्रमांक दिले. १९००च्या खानेसुमारीतला क्रमांक जुना, १९०९नंतरच्या नकाशावरचा नवा. ताळा पाहायला हल हाउसच वापरा. त्याचा जुना पत्ता ३३५ साउथ हॉलस्टेड, नवा ८०० साउथ हॉलस्टेड. तुमच्या नकाशावर हल हाउसजवळ ८००च्या आसपासचे आकडे दिसले तर थांबा. एक तर १९०९च्या आधीचं नकाशाचं पत्रक शोधा, नाहीतर शहराने तेव्हा काढलेली जुन्या-नव्या क्रमांकांची यादी समोर ठेवून सगळे क्रमांक बदलून घ्या. हे न करता पुढे गेलात तर कुटुंबं भलत्याच घरात जाऊन बसतील आणि नकाशा दिसायला मात्र अगदी व्यवस्थित दिसेल. तीच त्यातली गोम.

पायाभूत नकाशा

सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्यासाठी काढलेले नकाशे यासाठी उत्तम. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर शिकागोचे खंड आहेत. प्रमाण एका इंचाला ५० फूट. लाकडी इमारत पिवळी, विटांची गुलाबी. इमारतीवरचं इंग्रजी 'डी' म्हणजे राहतं घर, 'एस' म्हणजे दुकान. सोबतचा आकडा मजल्यांचा. हे रंग बांधकामाचे आहेत, माणसांचे नाहीत, हे वर्गात आधीच सांगून ठेवा.

मूळ पत्रक साधारण २१ गुणिले २५ इंचांचं असतं. सबंध पत्रक ए-४ कागदावर छापलं तर प्लॉट नखाएवढा होतो आणि रंग भरता येत नाही. आधी फक्त आपला ब्लॉक कापून घ्या, मग छापा. प्रिंटरच्या खिडकीत 'पानात बसवा' हा पर्याय बंद करा. छापून झालं की पत्रकावरची मोजपट्टी फुटपट्टीने मोजा. ५० फूट म्हणजे एक इंच येत नसेल तर प्रमाण बदलून पुन्हा छापा. शिकागोचा नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद, १२५ फूट खोल. म्हणजे कागदावर अर्धा इंच गुणिले अडीच इंच. बारा प्लॉटची एक रांग सहा इंचांत बसते; मधल्या बोळासकट दोन्ही रांगा धरल्या तरी ए-४ पुरतो.

छापील पानावर थेट रंगवू नका. वर बटर पेपर ठेवून २एच पेन्सिलीने फक्त प्लॉटच्या सीमा आणि रस्ते उतरवा, इमारती नको. हॉलब्रुक यांचे रंगही इमारतीला नाहीत, प्लॉटला आहेत. शिकागोत पुढे मोठी इमारत बांधायची तेव्हा जुनं लाकडी घर उचलून प्लॉटच्या मागच्या अंगाला सरकवण्याची रीत होती. रस्त्यावरून ते मागचं घर दिसत नाही, पण त्यात दोन-तीन कुटुंबं राहतात. नकाशात पुढची-मागची सगळी माणसं एकाच प्लॉटच्या रंगात मोजली जातात.

खानेसुमारीची पानं उतरवणं

फॅमिलीसर्चचा शोध नावावरून चालतो. रस्त्याचं नाव टाकून काही मिळणार नाही. आधी स्टीव्ह मोर्स यांच्या वन-स्टेप साइटवर जाऊन शिकागो, १९०० आणि रस्त्यांची नावं द्या. तुमच्या ब्लॉकचा प्रगणन-विभाग (एका प्रगणकाला नेमून दिलेला भाग) क्रमांक मिळेल. मग फॅमिलीसर्चवर त्या विभागाची पानं पहिल्यापासून उलटा. विभागाची हद्द बऱ्याचदा रस्त्याच्या मधोमध जाते, म्हणून ब्लॉकच्या चार बाजू एकाच विभागात आहेत ना, ते तपासा. समोरच्या बाजूची घरं दुसऱ्या विभागात निघाली तर घाबरू नका. ती तुमच्या ब्लॉकची नाहीतच.

प्रत्येक पानाच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन बाजू, एका बाजूला ५० ओळी. रस्त्याचं नाव डाव्या समासात उभं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी घरक्रमांक. त्यालाच लागून पहिला आणि दुसरा रकाना आहे: प्रगणकाने भेट दिलेल्या घराचा आणि कुटुंबाचा अनुक्रम. नवखी माणसं हमखास इथे फसतात. १, २, ३ असे ओळीने वाढत जाणारे आकडे हे घरक्रमांक नव्हेत. मात्र ते टाकूनही देऊ नका, कारण एका घरक्रमांकाखाली पहिल्या रकान्यातले दोन-तीन अनुक्रम आले तर त्या प्लॉटवर मागेही घर असण्याचा तो पक्का इशारा असतो.

एक्सेलमध्ये एवढंच उतरवा: रस्ता, घरक्रमांक, रकाना १ आणि २, मग ४ (कुटुंबप्रमुखाशी नातं), ५ (वर्ण), ८ (वय), १३, १४, १५ (स्वतःचं, वडिलांचं, आईचं जन्मस्थान), १९ (व्यवसाय), २० (किती महिने काम नव्हतं), २१ (शाळेचे महिने) आणि २४ (इंग्रजी बोलता येतं का). नावांची गरज नाही. पन्नास ओळींना सुरुवातीला तासभर लागतो, अक्षराची सवय झाली की त्याच्या निम्म्याने. एकाने वाचावं, दुसऱ्याने टंकावं.

जन्मस्थानाच्या रकान्यात दोन गुंते आहेत. १९००मध्ये पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता, म्हणून प्रगणकांना 'पोलंड' पुढे जर्मनीचं, रशियाचं की ऑस्ट्रियाचं ते लिहायला सांगितलं होतं. काहींनी लिहिलं, काहींनी नुसतं 'रशिया' लिहून सोडून दिलं. दुसरा गुंता ज्यूंचा. धर्माचा रकानाच नाही, त्यामुळे 'रशिया' म्हणजे बहुतेक ज्यू हा तर्क या वस्तीपुरता बरोबर असला तरी तो तुमचा तर्क आहे, कागदावरची नोंद नव्हे. नकाशाच्या कोपऱ्यातल्या सूचीत 'रशियन' असंच लिहा, हॉलब्रुक यांनीही तेच केलं.

कुणाला काय म्हणायचं

१८९३च्या नोंदींत अठरा राष्ट्रीयत्वं होती. एका ब्लॉकला इतकी लागत नाहीत. मूळ किल्लीतले (रंगांचा अर्थ सांगणाऱ्या तक्त्यातले) सहा रंग घ्या: आयरिश हिरवा, इटालियन निळा, बोहेमियन (आजच्या चेक प्रदेशातले) पिवळा, रशियन लाल, आफ्रिकी अमेरिकी काळा आणि इंग्रजीभाषक पांढरा. उरलेल्यांना एक राखाडी 'इतर' पुरतो.

खरी मेख 'इंग्रजीभाषक' या गटात आहे. हॉलब्रुक यांच्या नियमाने यात इंग्लिश, स्कॉटिश, इंग्रजी कॅनडाचे लोक आणि अमेरिकी आईबापांची अमेरिकी मुलं तर येतातच. शिवाय परदेशी आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेली दहा वर्षांवरची सगळी मुलं येतात, आणि दहाच्या आतलीही, जर ती सरकारी शाळेत जात असतील तर. म्हणजे नेपल्सहून आलेले आईबाप निळे, त्यांचा शिकागोत जन्मलेला बारा वर्षांचा मुलगा पांढरा, आठ वर्षांची शाळेत जाणारी मुलगी पांढरी, आणि कडेवरचं तान्हं निळं. एकाच चुलीवर जेवणारं घर दोन रंगांत वाटलं जातं. नियमामागे विचार आहे: इथली शाळा आणि इथली भाषा मुलाला अमेरिकी करते, हा त्या काळच्या सुधारकांचा विश्वास. मात्र काळ्या कुटुंबाला हा नियम नाही. पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेत जन्मलेलं, इंग्रजीच बोलणारं काळं कुटुंब पांढऱ्यात जात नाही, वेगळंच राहतं. किल्लीतली ही विसंगती वर्गात फळ्यावर लिहावी अशी आहे.

१९००च्या पानावर हा नियम लावताना एक अडचण येते. रकाना २१ शाळेचे महिने सांगतो, शाळा सरकारी की चर्चची ते सांगत नाही. कॅथलिक वस्तीत चर्चच्या शाळा भरपूर होत्या. दोनपैकी एक करा: शाळेत जाणारं प्रत्येक मूल पांढऱ्यात धरा, किंवा दहाच्या आतलं प्रत्येक मूल आईबापांच्या रंगात धरा. जे कराल ते सूचीत लिहा. वेळ असेल तर दोन्ही नियमांनी दोन नकाशे करा. पांढरा किती वाढतो-घटतो ते बघण्यासारखं असतं.

पट्टे पाडणं

राष्ट्रीयत्वाच्या नकाशात एकक म्हणजे माणूस. प्लॉटवर जितकी माणसं, त्या प्रमाणात प्लॉटची लांबी वाटायची. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर. समजा, एका प्लॉटवर २० माणसं आहेत: ११ इटालियन, ६ आयरिश, ३ इंग्रजीभाषक. एका माणसाला ३.१७५ मिमी. निळा पट्टा ३५ मिमी, हिरवा १९, पांढरा साडेनऊ. एक्सेलमध्ये प्रत्येक प्लॉटचे पट्टे आधी काढून ठेवा, मग फुटपट्टी घ्या. अर्ध्या मिलिमीटरची चूक चालते. पट्ट्यांची बेरीज ६३.५ आली पाहिजे.

पट्टा प्लॉटमध्ये कुठे येतो याला अर्थ नाही. निळा पुढे आणि हिरवा मागे म्हणून इटालियन पुढच्या घरात राहत होते असं होत नाही. गोंधळ टाळायला सगळ्या प्लॉटवर रंगांचा क्रम एकच ठेवा. फिकट रंग आधी, काळा शेवटी भरा. काळी पेन्सिल हाताने पुसटते आणि शेजारचा पिवळा मळतो. दाब एकसारखा ठेवा, कारण गडद-फिकट छटा दिसली की बघणारा तिला अर्थ चिकटवतो.

या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष दाटीचा. तीन माणसांचा प्लॉट आणि साठ माणसांचा प्लॉट कागदावर तेवढाच दिसतो. म्हणून प्रत्येक प्लॉटच्या रस्त्याकडच्या कडेला माणसांची संख्या बारीक अक्षरात लिहा. मूळ नकाशात नाही ते. तुमच्यात असू द्या.

मजुरीचा हिशेब

मजुरीच्या नकाशात एकक बदलतं: माणूस नाही, कुटुंब. पण कुटुंबाची व्याख्या घट्ट आहे. घरात पैसे देऊन राहणारा-जेवणारा बोर्डर कुटुंबात येत नाही. तो स्वतंत्र कमावता. घरातलाच मोठा मुलगा आईला राहण्याजेवणाचे पैसे मोजून देत असेल तर तोही स्वतंत्र. उरलेल्यांची कमाई एकत्र. त्यात बायकोची आणि लहान मुलांचीही आली, कारण या वस्तीत घरोघरी तयार कपड्यांवर शेवटचा हात फिरवण्याचं काम येई, आणि अगदी चिमुकली पोरंही बटणं टाकत.

आता आठवड्याची कमाई. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून रिकामे आठवडे वजा करा, उरलेल्यांना काम असतानाच्या मजुरीने गुणा, आणि येईल त्याला पुन्हा ५२ने भागा. प्रत्येकाचं असं काढून मग बेरीज करा. सगळ्या नकाशात ५२ने भागणं ही सर्वांत महत्त्वाची कृती आहे.

हिशेबासाठी रचलेलं एक घर घेऊ. बाप रेल्वेच्या रुळांवर मजूर, आठवड्याला साडेसात डॉलर, २० आठवडे रिकामा. पंधरा वर्षांची मुलगी शिवणखान्यात, तीन डॉलर, ४० आठवडे काम. आई घरी विजारींचे काठ शिवते, आठवड्याला एक डॉलर, ३० आठवडे काम. एक बोर्डर आहे, नऊ डॉलर कमावतो, १२ आठवडे रिकामा. बापाचे वर्षाचे २४०, मुलीचे १२०, आईचे ३०, एकूण ३९०. भागिले ५२, बरोबर साडेसात डॉलर. बोर्डरचे ३६० भागिले ५२, म्हणजे ६ डॉलर ९२ सेंट, आणि तो वेगळा.

रंगांची शिडी अशी: आठवड्याला पाच डॉलर किंवा कमी काळा, पाचच्या वर दहापर्यंत निळा, दहाच्या वर पंधरापर्यंत लाल, पंधराच्या वर वीसपर्यंत हिरवा, वीसच्या वर पिवळा. कमाई कळलीच नाही त्यांना वेगळा रंग. त्यांना काळ्यात ढकलू नका. आपलं कुटुंब निळं, बोर्डरही निळा. आता चुका करून बघा. रिकामे आठवडे विसरलात तर कुटुंबाचे साडेअकरा डॉलर होतात: लाल. बोर्डर कुटुंबात मिसळलात, पण ५२ने भागलंत, तर १४ डॉलर ४२ सेंट: तेही लाल. दोन्ही चुका एकत्र केल्यात तर साडेवीस डॉलर, आणि वस्तीतलं एक ओढगस्तीचं घर पिवळं होऊन सगळ्यात सुखवस्तू गटात जाऊन बसतं. हंगामी मजुरीच्या गावात 'आठवड्याला किती मिळतात' हा प्रश्न एकटा विचारला तर उत्तर खरं असतं आणि आकडा खोटा.

१९००च्या पानावरून मजुरी मिळत नसली तरी रकाना २० आहे. तो महिन्यांत आहे, आठवड्यांत नाही. ५२ भागिले १२, म्हणजे ४.३३ने गुणा. व्यवसाय लिहिलेल्या पण रकाना २० कोरा असलेल्या ओळी 'शून्य' धरू नका. घरबसल्या शिवणाऱ्या बायकांचा तर व्यवसायही पुष्कळदा कोरा असतो. या रकान्यावरून रिकाम्या महिन्यांचा स्वतंत्र नकाशा करता येतो.

मूळ मजुरी-नकाशा वाचताना वर्षही तपासा. आकडे १ एप्रिल १८९२पासूनच्या वर्षाचे. मे १८९३मध्ये बाजार कोसळला आणि पुढचा हिवाळा शिकागोला भयंकर गेला. तो या रंगांत नाही. उलट त्या वर्षी जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामाने शहरात कामं होती. म्हणजे नकाशातला काळा रंग तेजीच्या वर्षाचा आहे.

काळ्या रंगाचा अर्थ

हॉलब्रुक यांनी लंडनच्या चार्ल्स बूथ यांच्या गरिबीच्या नकाशांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे. फरक मात्र दोन. बूथ रस्ता रंगवत, हल हाउसने प्लॉट रंगवला. आणि बूथ यांच्या किल्लीत काळा म्हणजे सर्वांत खालचा वर्ग, दुर्गुणी, अर्धगुन्हेगार. हल हाउसच्या किल्लीत काळा म्हणजे पाच डॉलर, बस्स. माणसाच्या चारित्र्यावर एक शब्द नाही. दोन्ही नकाशे शेजारी लावले तर किल्ल्या आधी वाचून दाखवा, नाहीतर एकाचा अर्थ दुसऱ्यावर सांडतो. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९६-९७मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात अशीच घरोघर पाहणी करून घरवार रंगीत नकाशा काढला. तिसरा म्हणून तो ठेवता येईल.

नकाशा आणि कायदा यांची सांगड

निबंधात सर्वाधिक चुका इथे होतात. 'हल हाउसच्या नकाशांमुळे इलिनॉयचा कारखाना कायदा झाला' हे वाक्य तारखांपुढे टिकत नाही. कायदा १८९३च्या उन्हाळ्यात आला, तेव्हा प्रगणक अजून दारोदार फिरत होते आणि पुस्तक दोन वर्षं लांब होतं. कायद्यामागची माहिती केली यांनी १८९२मध्ये राज्याच्या कामगार सांख्यिकी खात्यासाठी केलेल्या शिवणकामाच्या पाहणीतून आली. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी केली, स्त्रियांना आठ तासांची मर्यादा घातली आणि बारा जणांचं निरीक्षक पथक नेमायला सांगितलं, त्यात किमान पाच स्त्रिया. गव्हर्नर अल्टगेल्ड यांनी केली यांनाच मुख्य निरीक्षक नेमलं.

पुढचं वळण लिहायला विसरू नका. मार्च १८९५मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं: स्त्रीचा करार करण्याचा हक्क हिरावला जातो, या कारणाने. ज्या वर्षी नकाशे छापले त्याच वर्षी. आकडेवारीला कोर्टात वजन यायला १९०८ उजाडलं. ओरेगॉन राज्याच्या स्त्रियांसाठीच्या दहा तासांच्या कायद्याच्या बाजूने वकील लुई ब्रँडाइस यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात शंभरावर पानांचं निवेदन दिलं. त्यात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानं, बाकी सगळे अहवाल आणि आकडे. ते गोळा केले जोसेफिन गोल्डमार्क यांनी, ज्या केली यांच्याच नॅशनल कन्झ्युमर्स लीगमध्ये काम करत होत्या. हा धागा दाखवायचा असेल तर 'नकाशा, मग कायदा' असा बाण काढू नका. पाहणी, कायदा, नकाशा, पराभव, पुन्हा पाहणी, निकाल, या क्रमाने काढा.

सूची आणि शेवटची तपासणी

नकाशाच्या कोपऱ्यात एवढं लिहा: आकडेवारीची तारीख, प्रगणन-विभाग क्रमांक, पायाभूत नकाशाचं वर्ष, घरक्रमांक जुने की नवे, शाळेच्या मुलांना लावलेला नियम, 'इतर'मध्ये कोण कोण आहे. मग कुठलेही तीन प्लॉट दुसऱ्याला द्या आणि मूळ पानावरून पुन्हा मोजायला लावा. तिन्ही जुळले तर ठीक. एक चुकला तर त्या बाजूची सगळी रांग तपासा, कारण घरक्रमांकाची चूक एकटी येत नाही. एक घर सरकलं की पुढची सगळी सरकतात.

हीच पद्धत आपल्या गल्लीत वापरायची ठरवलीत तर एक बदल हवाच. शिकागोत प्लॉटवार कमाई रंगांत छापली गेली, आणि शेजाऱ्याने नकाशावर बोट ठेवलं की कुणाचं काय ते कळत होतं. आज किमान दहा घरांचा एक गट करून रंगवा, आणि घरवार एक्सेल फाइल कुणालाही पाठवू नका.